चेंडू दिसतो हो, चेंडू!

चेंडू दिसतो! बाकीचं सगळं मागून सांगते, आधी एवढं ऐका. बॅटवरून सुटला की सीमारेषेला लागेपर्यंत चेंडू आपल्या डोळ्यांनी दिसतो, गवताला घासत जाताना दिसतो, दिव्यांच्या उजेडात वर चढताना दिसतो. आजवर आम्ही क्रिकेट पाहत आलो ते कॅमेरा वळेल तिकडे चेंडू गेला असणार असं धरून. समालोचक ओरडला की विकेट, पोरं ओरडली की चौका. आणि त्यातच आम्ही सुखात होतो!

हे झालं २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री, आमच्या आसगावात. पवनी तालुक्यातलं, भंडारा जिल्ह्यातलं धानाचं गाव. दिवाळी उरकलेली, मंडईच्या जत्रांचे दिवस, हलक्या धानाची कापणी आटोपलेली, भारी धान शेतात उभं. रविवार होता आणि नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला विश्वचषकाचा अंतिम सामना होता. तिकडे पाऊस, म्हणून खेळ पाचला सुरू झाला. भारताचा डाव आम्ही आमच्याच घरी पाहिला. शफाली वर्माच्या ८७ धावा, सांगलीच्या स्मृती मानधनाच्या ४५, दीप्ती शर्माच्या ५८, एकूण २९८. टीव्ही ३२ इंची, भिंतीवर टांगलेला, वर डिशची छत्री, आणि पॅक साधा, म्हणजे एसडी. चित्राबद्दल कुणाची काही तक्रार नव्हती. पोटभर पाहिलं, पोटभर ओरडलो.

दुसऱ्या डावाला चुलत जाऊबाईंनी हाक मारली. त्यांच्याकडे दिवाळीत ४३ इंची टीव्ही आला होता आणि पुतण्याने त्यावर खेळाचे चॅनल एचडीत लावले होते. समोरच्या खोलीत अर्धी आळी जमलेली. मला जागा मिळाली ती सगळ्यांत पुढे, चटईवर, टीव्हीपासून पाचेक फुटांवर. बसले, वर पाहिलं, आणि तोंडातून शब्द फुटेना. तोच सामना, तेच मैदान, त्याच पोरी, तासाभरापूर्वी आमच्या घरी पाहिलेल्या! पण आता स्टेडियममधली माणसं माणसं होती. आमच्याकडे ती निळी रांगोळी होती. इथे कुणी झेंडा धरलाय, कुणाच्या खांद्यावर लेकरू बसलंय, सगळं वेगळं वेगळं. खेळाडूंच्या पाठीवरची नावं दुरूनच वाचता येत होती. पाठीमागून सासूबाई म्हणाल्या, "अवो, तिच्या कपाळावरचा घाम दिसून राहिला!" खरंच दिसत होता.

आणि मग तो झेल. दक्षिण आफ्रिकेची लॉरा वूल्व्हार्ट १०१ वर खेळत होती, सामना तिच्यापाशी अडकलेला. दीप्तीचा चेंडू तिने उंच मारला आणि मिडविकेटच्या सीमेकडून अमनजोत कौर धावत सुटली. चेंडू हातात आला, निसटला. पुन्हा हाताला लागून उडाला. तिसऱ्यांदा तिने तो एका हातात धरला, तोल जात असताना. हे तिन्ही वेळचं मी चालू खेळात पाहिलं. रिप्लेत नाही, चालू खेळात! बोटं उघडलेली, चेंडू तळव्यावरून वर, हात पुन्हा त्याच्या मागे. खोलीत कुणी ओरडलंच नाही आधी, सगळ्यांचा श्वास त्या हाताला टांगलेला. मग जो गलका झाला! मध्यरात्रीच्या सुमारास कर्णधार हरमनप्रीतने मागे धावत शेवटचा झेल घेतला, दक्षिण आफ्रिका २४६ वर संपली. २००५ आणि २०१७ मध्ये अंतिम सामन्यात हरलेल्या आपल्या पोरी ५२ धावांनी जिंकल्या. पहिला विश्वचषक, आणि मला तो असा पाहायला मिळाला!

झोप कुठली येते. दुसऱ्या दिवशी सकाळीच पुतण्याला गाठलं. पोरगा आयटीआय केलेला, असल्या गोष्टींत रमणारा. म्हटलं, बाबू, हे काय आहे ते मला नीट समजावून सांग.

त्याने वहीवर आकडे मांडले आणि मी बघतच राहिले. आपलं जुनं चित्र म्हणजे ५७६ आडव्या ओळी, एका ओळीत ७२० ठिपके. गुणाकार केला तर ४ लाख १४ हजार ७२०. पूर्ण एचडीत १०८० ओळी आणि एका ओळीत १९२० ठिपके, म्हणजे २० लाख ७३ हजार ६००. बरोबर पाचपट! आता लांबून घेतलेल्या चित्रात अख्खं मैदान या ठिपक्यांत बसवायचं असतं. चेंडूच्या वाट्याला जुन्या चित्रात धड एक ठिपकाही येत नसेल, तर तो दिसणार कसा? शिवाय छत्रीवरून येणारं चित्र दाबून, आवळून पाठवतात, त्यामुळे कुणी जोरात धावलं की त्याच्याभोवती बारीक चौकटी उमटतात. एसडीत ते फार जाणवतं. अमनजोतचा हात आमच्या टीव्हीवर त्या चौकटींत विरघळून गेला असता.

म्हणून माझं ठाम मत झालंय की एचडीचा खरा धनी खेळ. क्रिकेट, कबड्डी, हॉकी. आणि त्याच्या जोडीला जंगल. वाघाच्या अंगावरचा केस न् केस, गवतातून सरकणारे त्याचे कान! पवनीचं जंगल आमच्या शेजारचं, उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याचा भाग, तरी वाघाला इतक्या जवळून पाहणं कुणाच्या नशिबी? मालिकांचं तसं नाही. तिथे पडदाभर एकच चेहरा असतो, त्याला चार लाख ठिपके पुरून उरतात. स्टार प्रवाह, झी मराठी, कलर्स मराठी या तिघांचेही एचडी चॅनल २०१६ मध्येच आले, पैठणीची जर त्यात सुरेख दिसते हे मी पाहिलं, पण चेहऱ्यावरचं रडू एसडीतही तेवढंच कळतं.

हे एचडी कुणाच्या डोक्यातून निघालं तेही ऐका. जपानच्या एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेने १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर यावर काम सुरू केलं. १९६४! त्या वेळी भारतात दूरदर्शन फक्त दिल्लीत होतं, ते १९५९ मध्ये सुरू झालेलं, आणि मुंबई केंद्र उघडायला १९७२ उजाडायचं होतं. आपल्याकडे रंग आला १९८२ मध्ये, आशियाई खेळांच्या वर्षी. दूरदर्शनने एचडीत दाखवलं ते २०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल खेळांपासून. रंगही खेळांनी आणला, एचडीही खेळांनीच. सासूबाई १९८७ मधलं 'रामायण' सांगतात, टीव्ही ज्याच्या घरी त्याच्या ओसरीत सगळे, कोपऱ्यातून जेवढं दिसेल तेवढं पाहायचं. सामन्याच्या रात्री त्या म्हणाल्या, "तवा रामाचं तोंडच दिसे, डोळे नाई दिसत."

आता मुद्द्यावर येते, कारण सामन्यानंतर आमच्या घरात हाच विषय पेटला होता: एचडी घ्यायचं की नाही?

यात एक गोष्ट मला अशी सापडली की तिच्यासाठीच हा लेख लिहावासा वाटला. पुतण्या म्हणाला, "काकू, तुम्ही पाच फुटांवर बसल्या होत्या, म्हणून एवढं दिसलं." आणि त्याने टेप काढला. निरोगी डोळ्याला एका मर्यादेपलीकडे दोन ठिपके वेगळे दिसतच नाहीत, जवळजवळचे एक होऊन जातात. त्या मर्यादेवरून हिशेब केला तर ३२ इंची टीव्हीवर एसडी आणि एचडी यांतला फरक साधारण आठ फुटांपलीकडे मावळतो. ४३ इंचीवर तो साडेदहा फुटांपर्यंत कळतो, आणि पूर्ण एचडीचा सगळा ऐवज हवा असेल तर साडेपाच फुटांवर बसावं लागतं. आमच्या झाडीपट्टीत नाटक पाहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. वडशाची नाटक कंपनी आली की पहिल्या रांगेतल्याला नटीच्या डोळ्यांतलं पाणी दिसतं, मंडपाच्या टोकाला बसलेल्याला नुसता आवाज. टीव्हीतही तसंच असेल हे कधी मनातच आलं नव्हतं!

आमच्या खोलीत दिवाणापासून भिंत नऊ फूट भरली. म्हणजे आहे त्याच ३२ इंचीवर नुसतं एचडी पॅक मारलं तर दिवाणावरून चित्रात विशेष भर पडायची नाही. खाली चटईवर बसणाऱ्या पोरांना मात्र लगेच कळेल. दिवाणावरच्यांना हवं असेल तर ४३ इंच घ्यावं, किंवा दिवाण पुढे ओढावा. आणि नुसता ४३ इंची आणून एसडी पॅकच ठेवलं तर? तेच चार लाख ठिपके मोठ्या पडद्यावर ताणले जातात आणि आधीपेक्षा भुरकट दिसतं. जवळून पाहा, कळेल. दुकानात मोठ्या टीव्हीवर हिरवीगार दऱ्याखोरी झळकतात ती त्यासाठीच खास तयार केलेली असतात. तिथे उभं राहून आपल्या घरचा साधा चॅनल लावून दाखवा म्हणावं, मग किंमत विचारावी.

खर्चाचं म्हणाल तर आम्ही तो धानात मोजतो. २०२५-२६ च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव २३६९ रुपये क्विंटल होता. बावीस हजारांचा टीव्ही म्हणजे नऊ-सव्वानऊ क्विंटल धान. हे काही थोडं नाही, पोत्यांकडे पाहिलं की मन मागे सरतं. पण एक चांगलं झालंय. ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ३२ इंचांपर्यंत आधीपासून १८ होताच, म्हणजे मोठ्या टीव्हीला बसणारा जादा कर गेला. त्यात जुना डब्यासारखा टीव्ही घरात असेल तर तेवढ्याच आकाराचा नवा एलईडी त्याहून कमी विजेत चालतो.

पॅकचा हिशेब वेगळा. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१७ च्या नियमांत चॅनलांची संख्या मोजताना एक एचडी चॅनल दोन एसडीबरोबर धरला गेला. सगळंच एचडी करत सुटू नका. नियम असाही आहे की एका गठ्ठ्यात त्याच चॅनलचं एसडी आणि एचडी दोन्ही कोंबता येत नाही, आणि सुटा चॅनल घ्यायचा हक्क आपल्याला आहे. तो वापरावा. आम्ही ठरवलंय: खेळाचे दोन चॅनल आणि प्राण्यांचा एक एचडीत, बाकी बातम्या, मालिका, भजनं एसडीत. ज्यांच्याकडे फ्री डिश आहे त्यांनी आपला बॉक्स पाहून घ्यावा, एमपीईजी-२ चा जुना बॉक्स असेल तर त्यावर एमपीईजी-४ चे चॅनल येतच नाहीत, बॉक्सच बदलावा लागतो. मोबाइलवरून टीव्हीला जोडायचं म्हणाल तर एचडीत तासाला दीड ते तीन जीबी सहज उडतात. रोजच्या दोन जीबीत एक डावही पुरा व्हायचा नाही. गावात छत्रीच बरी.

सासूबाईंना विचारलं, आई, घ्यायचा का? त्या म्हणाल्या, "घ्या ना बाप्पा. पोरी खेळून राहिल्या, आपण पाहावं नाई का नीट?" याच्यावर घरात कुणी वाद घातला नाही. भारी धान निघालं की पवनीला जाऊन ४३ इंची आणायचा, हे नक्की झालंय.

पण तुम्ही मोठा खर्च करण्याआधी एक काम आजच करा. टीव्हीच्या पाठीमागे हात घाला आणि बॉक्समधून आलेली केबल पाहा. लाल, पांढरी, पिवळी अशा तीन गोल पिना असतील, तर बॉक्स एचडी, टीव्ही एचडी, पॅकचे पैसे एचडीचे, आणि चित्र मात्र एसडीच! ती पिवळी पिन एचडी चित्र वाहूच शकत नाही, त्याला चपट्या तोंडाची एचडीएमआय केबल लागते. आमच्याच आळीत एका घरी पुतण्याने ती लावून दिली आणि त्या घरची मंडळी आता टीव्हीसमोरून उठत नाहीत. केबल बदला, चॅनलच्या नावापुढे एचडी लिहिलंय ना ते पाहा, आणि खुर्ची दोन फूट पुढे घ्या. ती केबल दोनशे रुपयांच्या आसपास मिळते.