शेंग येऊ दे

माझी मावशी फुलावरून झाडाचं नाव कधी सांगायची नाही. डोंगरात एखादं अनोळखी झुडूप फुललेलं दिसलं, की ती पाकळ्या मोजायची, पान उलटं करून लव बघायची, देठ चुरगळून वास घ्यायची. मी मागे उभी राहून नावाची वाट बघत असायची. मग ती कमरेवर हात ठेवून सरळ व्हायची आणि म्हणायची, "घराणं कळलं. कोण ते नाही कळलं. शेंग येऊ दे."

शेंग यायला महिना-दीड महिना लागायचा. तोवर ते झुडूप तिच्या डोक्यात असायचं. घरी कुणाची मुंज असो की वास्तुशांत, तिने मनाशी दिवस धरलेले असायचे आणि त्या बेताला ती पाण्याची बाटली घेऊन निघायची.

भोर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये तिची सगळी नोकरी झाली. वनस्पतिशास्त्राची पदवी तिच्याकडे नव्हती. होते ते कुकच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिग्रंथाचे पुनर्मुद्रित खंड. थिओडोर कुक पुण्याच्या सायन्स कॉलेजचा प्राचार्य होता आणि त्याचा हा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात भागाभागाने निघाला. मावशी इंग्रजी शब्दकोश मांडीवर घेऊन एकेक वर्णन फोडायची आणि समासात पेन्सिलीने मराठी लिहायची. पान कसं, फूल कसं, हे वाचून झालं की तिचं बोट खाली सरकायचं आणि फळाच्या ओळीवर थांबायचं. तिचा सगळा विश्वास त्या ओळीवर.

हा हट्ट कुठून आला, ते टाकळ्यापाशी कळतं. पहिल्या पावसाला बांधाबांधावर टाकळा उगवतो आणि त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी आपण आवडीने खातो. भाद्रपदात त्याला पिवळी फुलं येतात. त्याच बांधावर कासविंदा असतो, त्यालाही पिवळी फुलं. जवळच तिसरा असतो, त्याचीही तशीच. या दोघांना लोक सरसकट रानटाकळा म्हणतात. नुसती फुलं हातावर घेतली तर भलाभला चाचरेल. पण शेंगा धरल्या की तिघे तीन वाटांनी जातात. टाकळ्याची शेंग वीतभर लांब, बारीक, विळ्यासारखी वाकलेली. कासविंद्याची चपटी, किंचित बाकदार, मधोमध तपकिरी आणि दोन्ही कडांना फिकट. तिसऱ्याची फुगीर, जवळपास गोल दंडाची. मावशी तिन्ही शेंगा वर्गात आणायची आणि डोळे मिटून बोटांनी ओळखायला लावायची.

हे तिच्या लेखी खेळापुरतं नव्हतं. पश्चिम उत्तर प्रदेशात कित्येक वर्षं पावसाळा सरला की गरिबाघरची लहान मुलं अचानक बेशुद्ध होऊन दगावत. मेंदूज्वर म्हणून विषाणू शोधले जात होते. २००७ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं, की ती मुलं खेळता खेळता कासविंद्याच्या शेंगांतले दाणे खात होती. मावशीने ती बातमी कापून वर्गाच्या भिंतीला लावली आणि त्याच दुपारी सगळ्या पोरांना बांधावर नेलं. नंतर दर वर्षी नेलं. त्या शाळेतून बाहेर पडलेलं कुणीही आज कासविंद्याची शेंग लांबून ओळखेल, याची मला खात्री आहे.

तिच्यामुळे माझ्याही बोटांना काही गोष्टी कळतात. कुड्याच्या लांब शेंगा जोडीने लोंबतात. त्या कोवळ्या असताना टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या असल्या तर काळा कुडा, सुट्या असल्या तर पांढरा. तरवडाची शेंग कागदासारखी पातळ. मुरुडशेंगेचं फूल पहिल्या दिवशी लाल असतं, मग शिळं होता होता निळसर राखाडी पडतं, म्हणजे एकाच फांदीवर दोन रंग. पण पिळाची शेंग एकदा पाहिली की दुसरं कशाचं नाव मनात येत नाही. ती शेंग तर बाळगुटीतून आपल्या सगळ्यांच्या पोटात गेलेली आहे.

शेंगा ती कधी दाबायची नाही. फांदी-फुलं वर्तमानपत्रात घालून पाटाखाली ठेवायची, शेंगांना मात्र लग्नपत्रिकांची जुनी पाकिटं. प्लॅस्टिकच्या पिशवीत बुरशी धरते म्हणून कागदच. वर गावाचं नाव, तिथी, आणि उतार कुठल्या दिशेचा. चैत्रात खोली तापली की त्या पाकिटांमधून रात्री फटफट आवाज यायचे. वाळताना शेंगेच्या दोन्ही फाका एकमेकींच्या उलट दिशेने पिळल्या जातात. सालीतले तंतू तिरपे असतात, ते ओढ घेतात आणि जोड न सोसून शेंग फुटते, दाणे उडतात. सुट्टीत मी तिच्या खोलीत निजायची. आवाज झाला की अंधारात ती म्हणायची, "खुळखुळा असणार," आणि सकाळी पाकीट उघडल्यावर बहुतेक वेळा खुळखुळाच असायचा.

दोन वर्षांपूर्वी कार्तिकात रायरेश्वराच्या बाजूच्या एका उतारावर तिला ते झुडूप दिसलं. कमरेएवढं, फांद्यांवर करडी लव, पानं तीन-तीनच्या जुळणीची, त्यांच्या बेचक्यात पिवळी फुलं. वर उभा ध्वज, दोन बाजूंना दोन पंख, खाली होडीसारखी जोडपाकळी. घराणं वाटाण्या-तुरीचं, यात शंका नव्हती. पण त्या घराण्यात पिवळ्या फुलांची झुडपं आपल्या सह्याद्रीत थोडीथोडकी नाहीत. तिने पान चुरगळलं, वास घेतला, पुन्हा घेतला. तिला काहीतरी वाटलं होतं, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. पण बोलली नाही. नेहमीचंच वाक्य म्हणाली आणि खुणेसाठी शेजारच्या दगडावर दगड ठेवला.

पुढच्याच आठवड्यात तिला पुण्याला आणलं. पोटदुखी अंगावर काढली होती. निदान झालं तेव्हा डॉक्टरांकडे सांगण्यासारखं फार उरलेलं नव्हतं. दवाखान्याच्या खिडकीतून एक रेनट्री दिसायचा, त्याच्याकडे बघून ती दिवस काढायची. भेटायला येणाऱ्यांना तिच्या दुखण्याबद्दल बोलायचं असायचं आणि तिला त्या उताराबद्दल. "कुणी जाऊन आलं का गं? फुलं गळली असतील आता. कोवळी शेंग आणू नकोस, दाणे भरू देत." मी हो म्हणायची. तिला सोडून जाववत नव्हतं, म्हणून गेले नाही. मार्गशीर्षात, एका पहाटे, ती गेली.

माणूस गेल्यावर काय काय आवरावं लागतं, हे ज्यांनी आवरलंय त्यांना सांगायला नको. पातळं वाटली, भांडी वाटली, पेन्शनचे कागद झाले. पाकिटांच्या पेट्या मी घेऊन आले. कुकचे खंडही. त्यांच्या समासातलं ते बारीक अक्षर वाचायला घेतलं की मला पुढे जाता येईना. कुणाला एवढं शिकायचं असतं, आणि तेही कुणी विचारणार नसताना! रागसुद्धा आला. एवढं सगळं डोक्यात भरून ठेवलं आणि घेऊन गेली.

पौष संपता संपता मी त्या उतारावर गेले. दगडावरचा दगड जागेवर होता. गवत वाळून पिवळं झालं होतं आणि त्यात ते करडं झुडूप शेंगांनी भरलं होतं. शेंगा बोटाच्या पेरापेक्षाही आखूड, केसाळ. मावशीचं भिंग लावलं. दाण्यादाण्याच्या मध्ये शेंगेवर आडवी खाच. बाजारातून तुरीच्या ओल्या शेंगा आणल्यावर दाणा कुठे संपतो ते ज्या खाचेवरून कळतं, तीच खाच, पण इवलीशी. शेंग उकलली. आत दोन काळपट दाणे आणि प्रत्येकाच्या डोळ्यापाशी पांढरट, मांसल उंचवटा. आपल्या शेतातल्या तुरीच्या दाण्याला तो नसतो.

कुकच्या ग्रंथात अशी झुडपं तुरीपासून वेगळी, अटायलोसिया नावाच्या वंशात आहेत. त्या वेगळेपणाचं मोठं कारण म्हणजे दाण्यावरचा हा उंचवटाच. १९८६ मध्ये व्हॅन डर मेसेन या डच वनस्पतिशास्त्रज्ञाने तो वंश मोडून सगळ्यांना तुरीच्याच वंशात आणलं. मावशीने समासात तेही नोंदवून ठेवलं होतं, आणि खाली लिहिलं होतं, 'आपल्याकडे कुठे?' रानातल्या या भाऊबंदांचं बी पाटणचेरूच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेत जपलं जातं आणि त्यांच्याशी संकर करून तुरीचे नवे वाण निघालेत, हे तिने मला मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं. म्हणजे उतारावर पान चुरगळताना तिला कशाचा वास आला होता, ते मला आता कळलं. रोज सकाळी कुकरमध्ये शिजते तिच्या नात्यातलं कुणीतरी आपल्याच डोंगरात उभं आहे, अशी तिला शंका होती. ती तिने तोंडातून काढली नाही. ऐकायला मी शेजारीच होते. तिने नुसतं म्हटलं असतं तरी चाललं असतं. मला अजून वाटतं, म्हणायला हवं होतं.

मी पाकिटावर तिथी घालत होते तेवढ्यात वरून फाट्यांचा भारा घेऊन एक बाई उतरली. खालच्या वाडीतली. थांबून माझ्याकडे, मग भिंगाकडे बघितलं.

"बाईंच्या कोण तुम्ही?"

"भाची."

"रानतूर न्यायला आलाय व्हय? बाई आल्या व्हत्या दिवाळीच्या पाठी. मीच सांगितलं त्यांना, रानतूर हाय म्हणून. तर म्हणल्या, तुझं नाव खरंच असंल, पन शेंग येऊ दे." ती हसली. "मग आल्याच न्हाईत."

मी सांगितलं. तिने भारा खाली टाकला आणि बांधावर बसली. तिचा थोरला मुलगा मावशीच्या हाताखाली शिकला होता. आता भोरला एस.टी.त आहे. त्याला सगळ्या झाडांची नावं येतात, म्हणाली. मावशी त्याच्या लग्नाला आली होती आणि मांडवाला कुठली डहाळी बांधलीय ते बघत फिरत होती, हेही सांगितलं. आम्ही दोघी बराच वेळ बोलत बसलो. त्या दिवसांत पहिल्यांदाच मावशीबद्दल बोलताना दुखण्याचा विषय निघाला नाही.

उठताना तिने झुडपाकडे हात केला. "एवढ्याशानं काय व्हतंय? हितली गुरं ऱ्हाऊ देत न्हाईत. वर कातळापाशी दाट हाय, मी दावते चला. शिमग्याच्या आत न्या काय न्यायचं ते, मागनं वणवा लागतो."