चाके आत आहेत

"मामा, चाकं आत आहेत."

माझ्या भाच्याचे हे वाक्य मी ऐकले, तेव्हा सोसायटीच्या आवारात, नव्याने घेतलेल्या जुन्या गाडीभोवती मी तिसरी प्रदक्षिणा घालीत होतो. ऑक्टेव्हिया आरएस २४५. २०२० साली भारतात अशा फक्त दोनशे गाड्या विकायला आल्या. त्यांतली एक २०२३ साली, पहिल्या मालकाला कंटाळा आल्यावर, माझ्या दारी आली. बाहेरून पाहिले तर एखाद्या शहाण्या, कुटुंबवत्सल माणसाची गाडी. आत दोनशे पंचेचाळीस घोडे. बँकांचे हिशेब तपासण्यात हयात घालवलेल्या माणसाने अठ्ठावन्नाव्या वर्षी असली गाडी का घ्यावी, या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. बायकोपाशी होते, पण ते तिने चारचौघांत सांगितले नाही.

"आत म्हणजे कुठे?" मी विचारले.

"आत म्हणजे आत. मडगार्डच्या आत. बघा की, बोटं जातायत." आणि त्याने मडगार्डची कड आणि टायर यांच्यामधल्या जागेत खरेच दोन बोटे घालून दाखवली.

तोपर्यंत माझ्या गाडीची चाके कुठे आहेत याचा मी विचारच केला नव्हता. ती गाडीखाली आहेत एवढ्यावर माझे समाधान होते. पण दातात सुपारीचा कण अडकला की जीभ जशी पुन्हा पुन्हा तिकडेच वळते, तशी त्या दिवसापासून माझी नजर चाकांकडे वळू लागली. कर्वे रस्त्यावर सिग्नलला थांबलो की मी शेजारच्या गाड्यांची चाके पाहत असे. काहींची मडगार्डशी अगदी एका रेषेत असत, कडक इस्त्रीच्या सदऱ्यासारखी. माझी मात्र कवळी काढून ठेवलेल्या म्हाताऱ्याच्या गालांसारखी आत गेलेली! आठ दिवसांपूर्वी जी गाडी मला राजबिंडी वाटत होती, ती आता रोडावल्यासारखी दिसू लागली.

एका रविवारी मी चाकांच्या दुकानात जाऊन उभा राहिलो. भिंतीवर ओळीने चाके टांगलेली होती आणि प्रत्येकीखाली आकड्यांची चिठ्ठी. दुकानदाराने गाडीकडे एकदा, माझ्याकडे एकदा पाहिले आणि निकाल दिला, "एकोणीस इंच, साडेआठ जे, पस्तीस ऑफसेट. टायर दोनशे पंचवीस-पस्तीस. सगळ्यांना बसतं, साहेब."

ऑफसेट म्हटले की माझ्या पिढीच्या माणसाला छपाई आठवते. मी तसे बोललोही. दुकानदार हसला नाही.

आता, 'सगळेच असे करतात' हे वाक्य कानावर पडले की आम्ही तपासनीस मंडळी चहा बाजूला ठेवून कपाटातल्या फायली मागवीत असू. आयुष्यभर मी हेच केले. पण त्या रविवारी मी एकही फाईल मागवली नाही. एकोणीस इंची चाके चढली, गाडी रस्त्यावर आली आणि दुकानाच्या काचेत तिचे प्रतिबिंब पाहून मी असा काही खूश झालो की बिलाची बेरीजसुद्धा तपासली नाही. जुनी चाके घरी आणून गॅलरीत रचली. त्यांचे वीस बोल्ट बायकोने बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात भरून वॉशिंग मशीनमागे ठेवले. "हे कशाला लागतात का?" असे तिने विचारले होते. मी म्हणालो होतो, "आता कशाला लागणार!"

दिवाळीनंतर आईला आणि ताईला घेऊन मी श्रीवर्धनला निघालो. ताम्हिणी घाटाने उतरायचे, माणगाव, म्हसळे आणि मग समुद्र. आई ब्याऐंशी वर्षांची. मागे डाव्या बाजूला ती, उजवीकडे ताई, डिकीत दोघींच्या पिशव्या, आणि फराळाचे दोन डबे. मुळशी सोडले आणि रस्त्याच्या पहिल्या उतरत्या खळग्यात मागून आवाज आला, "खर्रर्र." पुढच्या खळग्यात पुन्हा. गाडी एकट्याने चालवीत होतो तोवर हा आवाज कधी आला नव्हता. आता मागची बाजू ओझ्याने बसली होती आणि बाहेर आलेले टायर मडगार्डच्या कडेवर घासत होते.

"गाडीला दमा आहे का रे?" आईने विचारले.

मी म्हणालो, नवीन टायर आहेत, बसतील हळूहळू. ताई काही बोलली नाही. चाके बाहेर आणण्याची कल्पना तिच्याच मुलाची, हे तिला ठाऊक होते.

घाट उतरून निजामपूरच्या अलीकडे एका खळग्यात मागचे डावे चाक 'धाड'कन आपटले. गाडी सरळ चालत राहिली म्हणून मीही चालवीत राहिलो. माणगावच्या वेशीवर चहाला थांबलो, तेव्हा शेजारच्या पंक्चरवाल्याने हाक मारली, "काका, इकडं या जरा." टायरच्या कडेला, आंब्याच्या कोयीएवढे एक गळू आले होते. त्याच्या बरोबर वर, दाराच्या आत, आई बसली होती.

"आतले धागे तुटलेत," पंक्चरवाला म्हणाला. "आता हवा नुसत्या रबरावर आहे. यावर पुढं जाऊ नका."

ठीक आहे, आपल्याकडे स्टेपनी आहे, मी म्हणालो. (हा शब्द आपण घरचा समजतो; तो आला वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथल्या कारखान्यात मोटारींसाठी जादा चाके होत असत.) डिकीतल्या पिशव्या आणि डबे रस्त्यावर उतरले, स्टेपनी बाहेर आली, जॅक लागला, पाच बोल्ट निघाले. मग पंक्चरवाल्याने एक बोल्ट हातात घेतला, स्टेपनीच्या भोकात घालून पाहिला, बाहेर काढला आणि अंगठ्याने त्याच्या मानेवरून फिरवला.

"हे बोल्ट हिचे नाहीत, काका."

"आटे तर तेच आहेत."

"आटे तेच. बूड निराळं." त्याने मला भोक दाखवले. कंपनीच्या चाकाचे भोक वाटीसारखे गोलसर असते आणि तिच्या बोल्टाची बैठक लिंबाच्या बुडासारखी, वाटीत सर्वांगाने टेकणारी. माझ्या नव्या चाकांची भोके नरसाळ्यासारखी, म्हणून त्यांचे बोल्ट निमुळते. निमुळता बोल्ट वाटीत घातला तर तो फक्त एका बारीक कडेवर टेकतो. पाना घट्ट लागल्यासारखा वाटतो, आणि चाक फिरू लागले की बोल्ट सैल होतो. "बसवले तर बसतील," तो म्हणाला, "पण राहणार नाहीत. मागं आजी बसल्यात. मी नाही लावणार."

त्याने नकार दिला नसता, तर मी ते बोल्ट लावून पुढे गेलो असतो हे मला इथे लिहून ठेवले पाहिजे. मला त्यांतला फरक कळला नसता.

पुढचे थोडक्यात सांगतो. मी बायकोला फोन केला. बिस्किटांचा डबा तिने एका शब्दाने टोमणा न मारता भाच्याच्या हवाली केला, आणि तो शंभरावर किलोमीटर मोटारसायकल हाकीत, अंधारात ताम्हिणी उतरून आला. ते तीन-साडेतीन तास आई पंक्चरवाल्याच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून होती. तिने त्याला चकल्या दिल्या, त्याच्या मुलीची यत्ता विचारली, आणि दर थोड्या वेळाने घाटाच्या दिशेने पाहिले. ताई तर रस्त्यावरच उभी होती. मोटारसायकलचा दिवा दिसला की ती दोन पावले पुढे जाई आणि तो आपला नव्हे असे पाहून मागे येई. मी डिकीच्या कडेवर बसलो होतो. कुणीही मला काही म्हणाले नाही. हिशेबात चूक सापडली की ज्याची चूक त्याच्याकडे सारी कचेरी अशीच न पाहता पाहते.

पुण्याला परतल्यावर मी जे आधी करायला हवे होते ते केले. एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर, भाच्याला समोर बसवून, आकडे मांडले.

ऑफसेट म्हणजे काय ते मला त्या रात्री समजले. दोन्ही तोंडे उघडी असलेला एक गोल डबा कल्पा. त्याच्या आत एक पडदा आहे आणि त्या पडद्यालाच बोल्टांची भोके आहेत. गाडीला टेकतो तो हा पडदा. तो डब्याच्या बरोबर मध्यावर असला तर ऑफसेट शून्य. पडदा रस्त्याकडल्या तोंडाकडे सरकला की तितका डबा गाडीच्या आत जातो. तो धन ऑफसेट. चाकावर कोरलेल्या 'ईटी'मागे 'आइनप्रेसटीफे' असा एक लांबलचक जर्मन शब्द आहे, आणि त्यापुढचा आकडा मिलिमीटर सांगतो. माझ्या मूळ चाकावर तो ५१ होता, नव्यावर ३५.

मूळ चाक साडेसात इंच रुंद, म्हणजे १९०.५ मिलिमीटर. त्याचे अर्धे ९५.२५. त्यातून ५१ वजा केले की चाकाची कड पडद्यापासून ४४.२५ मिलिमीटर बाहेर. नवे चाक साडेआठ इंच, निम्मी रुंदी १०७.९५, त्यातून ३५ गेले, उरले ७२.९५. फरक सुमारे एकोणतीस मिलिमीटर. भाच्याची बोटे आत जात होती ती जागा मी नुसती भरून काढली नव्हती, ओलांडली होती.

गंमत अशी की दुकानदाराचा एक हिशेब चोख होता. मूळ टायर २२५/४० आर १८: रुंदी २२५, कडेची उंची तिच्या चाळीस टक्के म्हणजे नव्वद मिलिमीटर, चाकासकट पुरा व्यास ६३७. नवे २२५/३५ आर १९: व्यास ६४०. वेगाचा काटा बिघडायला नको. पण ताळेबंदाची एक बाजू जुळली म्हणून कुणी सही करतो का? व्यास राखायचा आणि चाक मोठे करायचे, तर ती उंची रबरातूनच कापली जाणार. नव्वदाचे एकोणऐंशी झाले होते. खळगा आणि चाकाची धातूची कड यांच्यामध्ये एवढेच रबर आणि हवा. शिवाय टायरवर एक लहानसा आकडा असतो. मूळ टायरवर ९२, म्हणजे ६३० किलोंचे ओझे. नव्यावर ८८, म्हणजे ५६०. दर चाकामागे सत्तर किलो मी सोडून दिले होते, आणि वर आई, ताई, पिशव्या आणि फराळ घातला होता.

"आणि मामा, नुसतं घासण्याचं नाही," भाचा म्हणाला. तो आता शिकवणीच्या मास्तरासारखा बोलू लागला होता. पुढचे चाक ज्या तिरप्या रेषेभोवती वळते, ती रेषा जमिनीपर्यंत लांबवली तर ती टायरच्या मध्याच्या किंचित आत किंवा बाहेर टेकते. १९७२ च्या ऑडी ८० मध्ये ती मुद्दाम बाहेर टेकवली होती, का, तर एका बाजूचा ब्रेक जास्त लागला तरी गाडीने आपली आपण सरळ राहावे. चाक सोळा मिलिमीटर बाहेर काढले की असल्या प्रत्येक मांडणीत तेवढी ढवळाढवळ होते, आणि चाकाच्या बेअरिंगवर तरफ लांबते ती वेगळीच. कायद्याचाही प्रश्न होता. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ मूळ रचनेत मनमानी फेरफार करू देत नाही. ते वाचून मी त्या एकोणीस इंची चाकांकडे गुन्हेगाराच्या साथीदाराकडे पाहावे तसे पाहिले.

सरळ मार्ग असा होता की गॅलरीतली चाके गाडीला परत लावावीत. बायकोचा तोच कौल होता, आणि तो बरोबर होता. पण खोटे कशाला बोलू, ती चाके लावली आणि सकाळी खाली जाऊन पाहिले, तेव्हा ती आत होती. आणि एकदा ते दिसले की दिसायचे थांबत नाही.

मग आम्ही पुन्हा पत्रिकेवर बसलो. अठरा इंच, आठ जे, ऑफसेट ४५. अर्धे १०१.६, वजा ४५, बाकी ५६.६. मूळच्यापेक्षा बाहेर बारा मिलिमीटर, आणि आतल्या अंगाला अर्धा मिलिमीटरही जास्त नाही. टायर मूळ मापाचेच, २२५/४० आर १८, त्यावर ९२ असे वाचून. दुकान निराळे निवडले. मधले भोक ७३.१ मिलिमीटर आणि गाडीचा हब ५७.१, म्हणून मध्ये अचूक मापाची कडी बसवून घेतली. नाहीतर सारी गाडी बोल्टांवर लोंबकळत धावते आणि शंभराच्या वेगाला थरथरते. पाना १२० न्यूटन-मीटरवर लावलेला मी स्वतः वाकून पाहिला. मागच्या सीटवर तीन माणसे बसवून, डिकीत सिमेंटच्या दोन गोण्या टाकून आम्ही सोसायटीच्या गतिरोधकावरून दहादा गेलो. तीन माणसांत तिसरी बायको होती. आवाज आला नाही. बारा मिलिमीटर. माझ्या हौसेला एवढीच मंजुरी मिळाली, आणि सिग्नलला ती कुणाच्या डोळ्यांत भरते असे मला अजून दिसलेले नाही.

भाच्याने पाहून म्हटले, "अजून जरा आतच आहेत, मामा." ताईने त्याच्याकडे पाहिले. तो गप्प बसला.

आईला मी बोल्टांची गोष्ट नीट समजावून सांगितली नव्हती. तिने ती पंक्चरवाल्याकडूनच समजून घेतली होती. पुढच्या वेळी श्रीवर्धनला निघताना तिने खणाच्या जुन्या तुकड्याची एक नाडीची पिशवी माझ्या हातात दिली. "ते वाटीत बसणारे बोल्ट यात घाल आणि त्या चाकापाशी ठेव," म्हणाली. मी पिशवी उघडली. रिकामी पिशवी कुणाच्या हाती देऊ नये म्हणून तिने तळाशी एक रुपया आणि सुपारी घातली होती. मी बिस्किटांच्या डब्यातून पाच बोल्ट मोजून आत टाकले, आणि सुपारी तशीच राहू दिली.