आधी रस्त्याचा फोटो

मी मोटार विम्याची सर्व्हेअर. पुणे-सातारा पट्ट्यातल्या गॅरेजांमध्ये माझा दिवस जातो. अपघातानंतर लोक जे फोटो पाठवतात त्यांत बहुधा बंपरच असतो. जवळून, वरून, पुन्हा जवळून. मला त्यांचा फारसा उपयोग नाही. बंपर टोचन होऊन गॅरेजला येतोच. मी तो स्वतः वाकून बघते, उतरवून आतला बार बघते. रस्ता मात्र गॅरेजला येत नाही, आणि कोण कुठून आलं, टक्कर नेमकी कुठे झाली, हे तर त्यालाच माहीत असतं.

कुणी जखमी असेल तर आधी 108 ला फोन, कॅमेरा नंतर. मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 ने चालकावर उपचार मिळवून देण्याची जबाबदारी टाकली आहे. जमाव खवळला असेल तर सूट मिळते, हेही त्याच कलमात लिहिलंय; कायदा करणाऱ्यांना आपले रस्ते चांगले ठाऊक असावेत. विमा कंपनीला लेखी काय कळवायचं तेही तिथेच आहे: पॉलिसीचा तपशील, तारीख, वेळ, ठिकाण, जखमींची माहिती, चालकाचं नाव आणि लायसन्स.

मग जे आधी नाहीसं होणार, ते आधी टिपायचं. सगळ्यात पहिल्यांदा गाड्यांच्या जागा. खंबाटकी घाटात वाहतूक तुंबली की क्रेनची वाट न बघता लोकच गाडी ढकलून कडेला लावतात, आणि त्यात त्यांचं काही चूक नाही. म्हणून हलवण्याआधी चारी बाजूंनी लांबून फोटो घ्या. दोन्ही गाड्या, रस्त्याची कड, मधला पट्टा आणि खांबासारखं काहीतरी न हलणारं, सगळं एका चौकटीत यायला हवं. किलोमीटरच्या दगडाचा, आकडा वाचता येईल असा फोटो वेगळा. राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाचा माथा पिवळा असतो, राज्यमार्गाचा हिरवा. एक्स्प्रेसवेवर मात्र फोटोसाठी लेनमध्ये उभं राहू नका. कठड्याच्या पलीकडून दिसेल तेवढं पुरे.

आता खाली बघा. माझ्या मते खरा पुरावा इथे असतो आणि इथेच कुणी बघत नाही. टकरीच्या धक्क्याने मडगार्डच्या आत चिकटलेला वाळका चिखल गळून पडतो. गाड्या पुढे घसरत जातात, काचा कुठल्या कुठे उडतात, पण ती माती बहुधा टक्कर झाली त्याच जागेच्या आसपास पडते. मधल्या पट्ट्याच्या कुठल्या बाजूला ती पडली आहे, एवढ्यावरून मोठमोठे वाद मिटलेले मी पाहिलेत. मागून येणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली ती थोड्या वेळात दिसेनाशी होते. टायरच्या खुणाही अशाच. एबीएसमुळे हल्ली त्या फिक्या उमटतात. खाली बसून, तिरक्या कोनातून बघितल्या तर सापडतात. सरळ खूण म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक घसरलं. वळलेली आणि आत बारीक तिरक्या रेघा असलेली खूण म्हणजे गाडी फिरता फिरता बाजूला सरकली. खूण किती लांबरुंद आहे हे फोटोत कळायला शेजारी मापाचं काहीतरी हवं. टेप नसेल तर पाचशेची नवी नोट 150 मिलीमीटर लांब असते. ती ठेवा, वर खडा ठेवा, आणि काम झालं की आठवणीने उचला.

फुटलेला हेडलाइट फेकू नका. हॅलोजनचा बल्ब पेटलेला असेल तर त्याची तार मऊ असते आणि धक्क्याने ताणून लोंबते. बंद बल्बची थंड तार एक तर तशीच राहते किंवा तटकन तुटते. रात्रीच्या अपघातात ‘त्याचे दिवे बंद होते’ या आरोपाचा निकाल त्या तारेवरून लागू शकतो. एलईडी आल्यापासून हा साक्षीदार कामावरून उठत चालला आहे, याची मला खरंच हळहळ वाटते.

गाडीखाली तेल सांडलंय का, याचाही फोटो घ्या, आणि सांडलं असेल तर इंजिन सुरू करू नका. ऑइल संप फुटल्यावर ‘जवळच तर आहे गॅरेज’ म्हणत गाडी हाकली आणि इंजिन जॅम झालं, तर त्या वाढीव नुकसानीचे पैसे मिळत नाहीत. पॉलिसीच्या अटींत ते स्पष्ट लिहिलेलं असतं.

फोटोंनंतर लिखाण. त्याच दिवशी, स्वतःच्या शब्दांत, विशेषणं गाळून. महाराष्ट्रातल्या क्लेम फॉर्मांवर एक कुत्रा वर्षानुवर्षे ‘अचानक आडवा’ येतो आहे. तुमच्या वेळी तो खरोखर आला असेल, तर कुठल्या बाजूने आला आणि तुम्ही स्टिअरिंग कुठे वळवलं ते लिहा. समोरच्याचा वेग तुम्ही मोजलेला नसतो. तेव्हा ‘भरधाव’ नको, ‘मला तो वळणावर पहिल्यांदा दिसला’ एवढं पुरे. आपल्याला अडचणीचं असेल तेही लिहावं. फॉर्म आणि गाडीवरच्या खुणा जुळल्या नाहीत की मी प्रश्न विचारायला लागते, आणि मग सगळ्यांचाच वेळ जातो.

जागेवर मांडवली होते, तेव्हाही समोरच्याची नंबरप्लेट, विम्याचा कागद आणि लायसन्स टिपून घ्या. ‘दादा, आपसात मिटवू’ म्हणणारा संध्याकाळी पोलिस ठाण्यात बसलेला असू शकतो. कुणी जखमी असेल तर प्रकरण तुमच्या हातात राहतही नाही. 2022 पासूनच्या केंद्रीय नियमांप्रमाणे पोलिसांना जागेचे फोटो आणि नकाशा तयार करून पहिला अपघात अहवाल 48 तासांत दावा न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. त्यांच्या नकाशात काही राहून गेलं, तर तुमचा फोटो कामी येतो.

हे फोटो साध्या पद्धतीने व्हॉट्सॅपवर पाठवले की दबून बारीक होतात आणि आतली वेळ-ठिकाणाची नोंद पुसली जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 नुसार डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू नोंदवावी लागते. फाइलमध्ये जरासा बदल झाला तरी ती व्हॅल्यू बदलते. तेव्हा मूळ फोटोवर बाण काढू नका, तो कापू नका, आणि दावा निकाली निघेपर्यंत तो फोन एक्स्चेंज ऑफरमध्ये देऊ नका.