रविवारचं मैदान

लोणारच्या सरोवरावर येणारी माणसं दोन पंथांची. काही काठावरची. गाडीतून उतरायचं, फोटो काढायचे, ‘२०२० ला गुलाबी झालं होतं ते हेच का?’ असं विचारायचं आणि शेगावची वाट धरायची. काही उतरणारी. धारेजवळून खाली, झाडीतून थेट कमळजादेवीपर्यंत. खारट चिखलाचा वास नाकात बसल्याशिवाय लोणार पाहिलं असं ती मानतच नाहीत. मी या दुसऱ्या पंथाचा, पहिल्यांना मनातल्या मनात हसत आलेला.

स्कॉटलंडात, सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर, मी अलगद पहिल्या पंथात जाऊन पडलो. बुलढाण्यात वाढलेल्या माणसाच्या हाती गोल्फची काठी येणार कुठून? आपल्या नाशिकात ‘गोल्फ क्लब’ म्हणतात ते मैदानसुद्धा रणजी सामन्यांचं आणि सकाळी फिरायला येणाऱ्यांचं. लेक-जावयाकडे गेलो होतो, रविवार होता. रविवारी ओल्ड कोर्सवर एरवी खेळ बंद असतो आणि मैदान गावाचं होतं. एक फेरी मिळावी म्हणून जगभरचे खेळाडू जिथं सोडतीत नाव घालून बसतात, तिथं बाबागाड्या, कुत्री आणि कानटोपीतला मी.

पहिल्या नजरेत गायरानच. आणि होतंही तसंच: समुद्राकाठची वाळवट जमीन, मेंढ्या चरायच्या. अठरा होलांचा हिशेब इथं १७६४ मध्ये ठरला आणि पुढं जगानं तोच उचलला. लांबून सपाट वाटतं, पण चालायला लागलं की हातभर जागा सपाट सापडत नाही. वखरलेल्या काळ्या रानात ढेकळं तुडवत वाढलेल्या पायांना त्या आखूड, घट्ट गवताखालच्या लाटा लगेच कळतात. स्विलकन ओढ्यावरचा तो जगप्रसिद्ध दगडी पूल तर एवढासा, की मी आधी पुढंच निघून गेलो. २००५ मध्ये गोल्फपटू जॅक निक्लॉसनं त्यावर उभं राहून निरोपाचा हात हलवला होता.

जावई स्वतः खेळणारे, ते मात्र वेगळंच मैदान बघत होते. चौदाव्या होलवरच्या ‘हेल’ बंकरच्या काठाशी मी थांबलो. खाली वाळू, समोर गवताच्या थरांची उभी भिंत. मी त्या थरांची रचाई न्याहाळत होतो. बांध घालणाऱ्याचा हात सफाईदार होता.

“बाबा, १९९५ च्या ओपनला निक्लॉसला यातून निघायला चार फटके लागले,” जावई म्हणाले. “होल दहात संपला त्याचा.”

सतराव्यावर मला हॉटेलच्या आवारातली शेड दिसली. त्यांना दिसला त्या शेडवरून मारायचा आंधळा फटका, आणि पुढं ग्रीनला खेटून तो बंकर, जिथं १९७८ मध्ये नाकाजिमा नावाचा खेळाडू अडकला तो अडकलाच.

ज्या उताराचं मला कौतुक वाटत होतं, तो त्यांच्या पोटात गोळा आणत होता. माझं तिथं काहीच पणाला लागलेलं नव्हतं. म्हणून तर समुद्राचा वारा, गवताचे रंग, म्हाताऱ्या जोडप्याचं हळू चालणं, सगळं सवडीनं बघता आलं. खेळणाऱ्याला एवढी सवड नसते. पण त्या जमिनीनं त्यांना जितकं छळलं असतं, तितकी ती मला भेटली नाही, हेही खरंच.

संध्याकाळी जावयांनी मित्राबरोबर सोडतीत नाव घातलं. लागलं तर काठ्यांची पिशवी ओढायला मी येणार, असं मी लगेच सांगून टाकलं. लेक म्हणाली, “बाबा, तुमचे गुडघे?” मी म्हटलं, लोणार चढतो की.