वहिनी पायलट, मी बॅटरीवाला

‘नमो ड्रोन दीदी’च्या कागदावर वहिनींच्या नावापुढे ‘पायलट’ आहे आणि माझ्या नावापुढे ‘सहायक’. योजनाच तशी आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये १५,००० महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन द्यायचं मंजूर केलं. त्यात गटातल्या एकीने पंधरा दिवसांचं प्रशिक्षण घेऊन ड्रोन उडवायचा, आणि वायरी-पान्यांची थोडीफार जाण असलेल्या घरातल्या माणसाने तिच्या हाताखाली राबायचं. गंगापूर तालुक्यातल्या आमच्या गावात विहिरीवरच्या मोटारींचे स्टार्टर मी उघडतो, म्हणून माझं नाव पुढे झालं. मला वाटलं, औषध कालवायचं, टाकी भरायची, पोरं लांब हाकलायची. प्रत्यक्षात गळ्यात पडल्या त्या बॅटऱ्या.

आमच्या ड्रोनला सहा-सहा सेलच्या दोन बॅटऱ्या एकीपुढे एक जोडून लागतात. प्रत्येक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टचा, म्हणजे बाराचे मिळून पन्नासच्या वर. दहा लिटर औषधासकट ते धूड जमिनीवरून उचलायचं तर वायरीतून १०० अँपिअरच्या आसपास करंट जातो. एवढ्या करंटची वायर हातात धरून प्लग जोडायचा, हे ऐकूनच मला घाम फुटला होता. आणि एवढं करून होतं किती? जेमतेम एकरभर. सात-आठ मिनिटांत ड्रोन खाली, की बदला जोडी. पंचवीस एकर कपाशी असलेला शेतकरी बांधावर उभा राहून घड्याळ बघत असतो, ते वेगळंच.

सुरुवातीला सगळ्यात अवघड गेलं ते बॅटरी अर्धवट ठेवणं. मोबाईलची सवय अशी, की रात्री लावायचा आणि सकाळी शंभर टक्के बघायचे. या लिथियम पॉलिमर बॅटऱ्यांचं गणित निराळं. दोन-चार दिवस काम नसेल तर सेल ३.८ व्होल्टच्या आसपास आणून ठेवायचा. पूर्ण भरून ठेवली, त्यात उकाडा असला, तर आतलं द्रावण हळूहळू बिघडतं, वायू धरतो आणि बॅटरी फुगते. अगदी उतरवून ठेवली तरी मरते. खरीप उरकला की मधे आठवडेच्या आठवडे ड्रोन बसून असतो, तेव्हा हे फार सांभाळावं लागतं. पाऊस आला म्हणून काम मोडलं, तर भरलेल्या बॅटऱ्या चार्जरला लावून ‘स्टोरेज’ मोडवर उतरवायच्या. चार्जर ती वीज उष्णता करून पंख्याने बाहेर फेकतो. शेतीची लाईट रात्री-बेरात्री येणाऱ्या गावात हे दृश्य बघवत नाही. आजी तर उठून गेली.

ठेवायच्या कुठे, हाही घोळ झाला. पुढची खोली पत्र्याची, मे महिन्यात तिथे माणूस टिकत नाही. मागची माळवदाची खोली गार, पण तिथे आजी झोपते, आणि झोपायच्या खोलीत या बॅटऱ्या नकोतच. शेवटी माळवदाखालच्या कोठीतलं धान्य हलवून तिथल्या फरशीवर जागा केली. चार्जिंग मात्र ओसरीवरच, माणूस समोर बसलेला. उडून आलेली गरम बॅटरी तशीच चार्जरला लावायची नाही, आधी लिंबाखाली गार होऊ द्यायची, हेही त्यातच आलं.

पण खरा गोंधळ पिनांचा. शेवटचा प्लग जोडताना ‘चट्’ असा आवाज होऊन ठिणगी उडते. मोटारींना वेग देणाऱ्या सर्किटमधले रिकामे कपॅसिटर एकदम करंट ओढतात, त्याची ती ठिणगी. काही प्लगांच्या तोंडाशी बारीक रेझिस्टर असतो, तो हा झटका शोषून घेतो. तो नसेल, तर प्लग भीत-भीत, सावकाश जोडला की ठिणगी उडतेच आणि पिनेच्या टोकावर काळा ठिपका पडतो. वर फवाऱ्याचे तुषार बसतात. १९:१९:१९ सारखं विद्राव्य खत असो नाहीतर कॉपर ऑक्सिक्लोराइड, वाळल्यावर त्याचा पांढरट-हिरवट थर राहतो, दमट हवेत तो पाणी धरतो आणि धातू खायला लागतो.

स्टार्टरचे पॉइंट काळे पडले की आम्ही काय करतो? पॉलिश पेपर. माझा हातही तिकडेच निघाला होता.

“भाऊजी, सोनं घासता व्हय?” वहिनी म्हणाल्या. “पिनांवर मुलामा आहे. तो गेला की खालचं पितळ उघडं पडतं, अन् ते रोज काळं होतंय.”

मग पुसायचं कशानं? छत्रपती संभाजीनगरात पैठण गेटला मोबाईल दुरुस्तीवाले आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात, ते ‘आयपीए’ म्हणून मागितलं की मिळतं. बॅटरी सुटी करायची, कापसाच्या काडीने पिन गोल फिरवत पुसायची, प्लगच्या आतल्या बाजूला मऊ ब्रश घालायचा, आणि पूर्ण वाळल्याशिवाय जोडायचं नाही. काडीवर येणारी काजळी पहिल्यांदा बघितली तेव्हा विश्वासच बसेना. धन-ऋण पिनांना एकाच वेळी धातूचं काही लागू द्यायचं नाही, म्हणून मी अंगठी काढून ठेवतो.

हिशेब करून बघितला. सांध्यात एक मिलिओहम अडथळा वाढला आणि करंट १०० अँपिअर असला, तर तिथे १० वॉट उष्णता होते. घरातल्या एलईडी बल्बाएवढी वीज, अंगठ्याएवढ्या प्लगात कोंडलेली. पाच मिलिओहमला ५० वॉट, आणि अर्धा व्होल्ट वाटेतच गळाला. ड्रोन लवकर खाली येतो आणि शिव्या बॅटरी खाते.

करोनाच्या वेळची कपाळावर धरायची तापमापी घरात पडून होती. तिचा वस्तूंसाठीचा मोड लावून मी ड्रोन उतरल्या-उतरल्या प्लग तपासतो. चकचकीत पिनेवर ती आकडा कमी दाखवते, त्यामुळे प्लगच्या प्लास्टिकवर धरायची. एक प्लग दुसऱ्यापेक्षा फार तापला, की त्या रात्री तो पुसायचा.

चार्जरला एकेका सेलचे व्होल्ट कळवणाऱ्या ‘बॅलन्स’च्या पांढऱ्या बारक्या प्लगने तर वेडच लावलं. चार्जर एका बॅटरीचा पाचवा सेल सारखा कमी दाखवायचा. सगळे म्हणाले, सेल गेला, बॅटरी भंगारात. मी मल्टिमीटर लावला तर सेल बाकीच्यांबरोबर. दोष त्या एका सुईएवढ्या पिनेवरच्या थराचा होता. ब्रश आणि आयपीए, बास. हजारोंची वस्तू वाचली. तेव्हापासून चार्जर कुठल्याही सेलवर रुसला, की मी आधी पिन बघतो, मग सेल.

एक बॅटरी मात्र खरोखरच फुगली. मधोमध तट्ट झाली, फरशीवर ठेवली की डुलायची. अशी बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, परत चार्ज करायची नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या गोळा करून विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. तिकडून माणूस येईपर्यंत ती गोठ्यापासून लांब, वाळू भरलेल्या लोखंडी पेटीत आहे. मधे भंगारवाला आला आणि वजनावर भाव करायला लागला. वहिनींनी त्याला कूलरची जळालेली मोटर दिली आणि गेट लावून घेतलं.