एक ल्युमेन पुरे

नागपुरात बर्डीवर बॅटरी घ्यायला गेलं की दुकानदार ती आधी तुमच्या डोळ्यांवर मारतो. आपण मान वळवतो, तेवढ्यात त्याचं सुरू होतं : ‘‘पाहा ना भाऊ, अंबाझरीच्या या काठावरून मारली तर त्या काठावर जाते फोकस!’’ पॅकेटवर हजारांत ल्युमेन छापलेले असतात. अंबाझरीच्या पलीकडच्या काठाशी आपलं काय काम, असं विचारावंसं वाटतं. पण मागे गर्दी असते, आणि मोदी नंबरच्या गल्लीत उभं राहून वाद घालणं बरं दिसत नाही.

खिशातल्या बॅटरीची कामं पाहिली तर बहुतेक हाताच्या अंतरावरची निघतात. जिन्यातला बल्ब उडालेला असतो आणि कुलपाचं भोक सापडत नाही. लाइन गेली की मीटरजवळ जाऊन फ्यूज पाहायचा असतो. पावसाळा लागला की चपलेत पाय घालण्याआधी आत डोकवायचं असतं, कारण विंचवालाही कोरडी जागा हवी असते. मण्यार रात्रीच हिंडते. तिच्या काळ्या अंगावरचे पांढरे पट्टे दिसायला शंभर मीटरचा झोत लागत नाही, पुढच्या पावलाएवढी जमीन दिसली की झालं. ‘मोबाइलमध्ये आहे ना टॉर्च’ हे उत्तर मलाही माहीत आहे. पण लाइन गेलेली असताना जी गोष्ट जपून वापरायची तीच आधी जाळायची, आणि दोन्ही हात फ्यूजमध्ये गुंतले की तो पाटीएवढा मोबाइल दातात धरायचा, हे काही जमत नाही.

मोठ्या झोताची खरी गरज शहराबाहेर आहे. कृषिपंपांना लाइन आळीपाळीनं मिळते, कधी दिवसा, कधी रात्री. उमरेड-भिवापूरकडे किंवा रामटेकच्या पुढे, हिवाळ्यात गव्हा-हरभऱ्याला पाणी द्यायचं तर रात्रीची पाळी आलेला माणूस थंडीत बांधावर उभा असतो, आणि त्याच वाटांनी वाघही जातात. त्याला दूरच्या धुऱ्यावर चमकणारे डोळे दिसायलाच हवेत. दुकानदाराचं सगळं भाषण त्याच्यापुरतं खरं आहे. नागपूरच्या उत्तरेला कोराडीत 660 मेगावॅटचे तीन संच आहेत, पलीकडे खापरखेडा आहे. जिल्ह्यात एवढी वीज तयार होत असताना ओलितासाठी रात्र जागावी लागते, हा हिशेब मला अजून जुळवता आलेला नाही.

शहरातल्या खिशासाठी मात्र मी उलटीकडून पाहतो : बॅटरीचा सगळ्यात मंद टप्पा किती खाली उतरतो? एका चौरस मीटरवर एक ल्युमेन पसरला की एक लक्स उजेड होतो. आकाश अगदी स्वच्छ असलं तरी पौर्णिमेचं चांदणं जमिनीवर भरतं पाव लक्सच्या आसपास. म्हणजे एका ल्युमेनची ती क्षुल्लक बॅटरी पायापुढच्या चौरस मीटरभर जागेत चार पौर्णिमा ओतते. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पेंचच्या मचाणावर बसलेली माणसं त्यातल्या एकीवरच पाणवठ्यावर आलेला गवा ओळखतात.

अट एवढीच की डोळे अंधाराला सरावलेले हवेत. पुरते सरावायला त्यांना अर्धा तास तरी लागतो, आणि पांढरा भपका एकदा डोळ्यांत गेला की ती कमाई बुडाली. म्हणून बटण दाबताच आधी मंद उजेड यावा. पुष्कळ बॅटऱ्यांत नेमकं उलटं असतं : पहिल्या दाबाला सगळ्यात प्रखर, मग मधला, मग मंद, आणि त्याच्यापुढे ती उघडझाप, जी वरातीतसुद्धा कुणाच्या कामाची नाही.

जानेवारी 2024 मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला ‘डार्कस्काय इंटरनॅशनल’ची मान्यता मिळाली, भारतातलं ते पहिलं डार्क स्काय पार्क. त्यासाठी बफरमधल्या वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले शंभरावर दिवे बदलले, उजेड आभाळात न जाता खाली पडेल असे केले. तिथं तारे पाहायला जाणारे लोक तांबडा उजेड वापरतात, तोही जेमतेम. अख्ख्या गावांना जे जमलं ते आमच्या खिशांना जमू नये?

मग सेल. माझं मत रिमोटमध्ये जातो त्या बारीक सेलच्या, ट्रिपल एच्या बाजूनं. पांढऱ्या एलईडीला तीन व्होल्टच्या आसपास दाब लागतो आणि हा सेल देतो दीड. मधलं अंतर पोटातलं लहानसं सर्किट भरून काढतं. किल्लीला अडकवायच्या स्वस्त बॅटऱ्यांत बटणसेल असतात. ते संपले की सेल शोधण्यापेक्षा नवी बॅटरी घेणं सोपं पडतं. चार्जिंगच्या घ्याव्यात, तर त्यातल्या लिथियम-आयनला उष्णता मानवत नाही. मे 2013 मध्ये इथला पारा 47.9 अंशांवर गेला होता, आणि उन्हात उभ्या स्कूटरची डिक्की त्याहून तापते. साधे अल्कलाइन सेल विसरून पडले तर पाझरतात आणि स्प्रिंग खातात. चार्ज होणारा निकेलचा ट्रिपल ए घातला की पाझरण्याची भीती बरीच कमी होते, आणि अडीनडीला टीव्हीचा रिमोट असतोच. घरातल्यांना हे आवडत नाही, ते सोडा.

पॅकेटवरच्या तासांवर फार विसंबू नये. एफएल 1 नावाच्या अमेरिकी मानकात, सुरुवातीच्या उजेडाचा दहावा हिस्सा उरेपर्यंतचा वेळ ‘रनटाइम’ धरतात. त्यामुळे दोनशे ल्युमेनची बॅटरी बराच वेळ तीसवर रेंगाळली, तरी तो वेळ दोनशेच्याच खात्यावर जमा. मंद टप्प्यात ही लबाडी फारशी चालत नाही, कारण उतरायला जागाच नसते.

उजेडाचा रंग मात्र दुकानातच पाहून घ्यावा. पांढरा एलईडी मुळात निळाच असतो. वरच्या पिवळट लेपामुळे पांढरा होतो. निळ्या एलईडीच्या शोधासाठी 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा कुरकुर करू नये. पण लेप हलका असला की हळद आणि बेसन एकाच रंगाचे दिसतात, आणि संत्र्यावरचा सडका डाग नजरेतून सुटतो. तळहातावर उजेड पाडून पाहावा. हात आजारी माणसाचा वाटला, तर ती बॅटरी परत ठेवावी.

बटणापेक्षा मुंडी पिळून लागणारी बरी. किल्ल्यांच्या दाबानं खिशात आपोआप लागत नाही, आणि पिशवीत टाकताना आणखी पाव फेरा सैल केला की सेलचा संपर्कच तुटतो.