अंगावर काढणारी

आमची गाडी उभी राहते तिथली शहाबादी फरशी कोरडी होती. गेल्या जुलैत अख्ख्या पाटणात कोरडी म्हणावी अशी तेवढीच जागा असेल. कोयना दुथडी, केरा दुथडी, भिंतींना ओल, कपाटातल्या साड्यांना कुबट वास. रोज सकाळी मी वाकून त्या फरशीवर तळहात फिरवायचे. थेंब नाही, डाग नाही. आणि बॉनेट उघडलं की रिझर्व्ह बाटलीतलं हिरवं पाणी बोटभर खाली.

प्रत्येक घरात दुखणं अंगावर काढणारी एक बाई असते. ताप असला तरी चुलीपुढून उठत नाही, आणि विचारलं तर म्हणते, मला काय धाड भरलीय. आमची गाडी त्या जातीची. फणफणणं नाही, वाफ नाही, रस्त्यात बसणं नाही. काटा अर्ध्याच्या खाली स्थिर. पाणी मात्र जात होतं.

ती 2005 ची मारुती 800. रंग पांढरा, नंबर एमएच 11 चा. मी नोकरीला लागल्यावर कराडहून सेकंड हँड घेतली. 2020 मध्ये पंधरा वर्षं भरली, तेव्हा पुनर्नोंदणी करून आणखी पाच वर्षांचा परवाना मिळवला. तिची पहिली बहीण 14 डिसेंबर 1983 ला इंदिरा गांधींच्या हातून एका ग्राहकाला मिळाली होती. शेवटच्या बहिणी 2014 च्या जानेवारीत कारखान्यातून निघाल्या. म्हणजे हिच्या पाठीमागं आता कुणी जन्मणार नाही. तीन सिलिंडर, 796 सीसी. एवढ्याशा जिवावर ती मला पाटणहून सडावाघापूरच्या सड्यावर, तिथल्या वाडीच्या शाळेत, सहा वर्षं रोज चढवून नेते.

तिच्या सवयी मला माझ्या आईच्या सवयींइतक्या ठाऊक आहेत. डावं दार जरा उचलून लावावं लागतं. सकाळी पहिल्या सेल्फला उठते, पण लगेच पळवलेलं तिला आवडत नाही, मिनिटभर थांबावं लागतं. घाटात दुसऱ्या गियरमध्ये तिचा सूर लागतो. तो सूर लागला की पवनचक्क्या दिसेपर्यंत ती मोडत नाही. वर पोचून चावी काढली की पुढचा पंखा तेवढा घुंघुं करत राहतो आणि मग टक् करून थांबतो. मुलं म्हणतात, बाईंची गाडी श्वास घेतीय.

पाणी कमी होतंय हे लक्षात आलं तेव्हा मी वर्षानुवर्षं लोक करतात तेच केलं. भर घातली. आठवड्याला एक पेला, मग दोन. नळाचं पाणी, कधी शाळेतल्या हापशाचं. दोन वर्षं मी हेच केलं, आणि तिच्या आजाराला माझाच हातभार लागला. कूलंट म्हणजे रंगीत पाणी नव्हे. त्यात ग्लायकॉल असतं, त्यानं पाणी उशिरा उकळतं, आणि गंज धरू न देणारी द्रव्यं असतात. साध्या पाण्याची भर पडत गेली की ती द्रव्यं विरळ होतात, पाण्यातले क्षार आतल्या नळ्यांना चुन्यासारखे धरतात, धातू आतून खाल्ला जातो. वरून रंग हिरवाच दिसतो.

अप्पांनी मला भर घालताना पाहिलं. अप्पा, माझे वडील, कोयना प्रकल्पातून निवृत्त झालेले. धरणाच्या पोटात गॅलरी आहे. तिथं भिंतीतून झिरपणारं पाणी पन्हळीत घेऊन खाचेवरून सोडतात आणि किती वाहिलं ते मोजतात. अप्पांचं आयुष्य त्या मोजणीत गेलं. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपानंतर त्या भिंतीला भेगा पडल्या आणि त्या बुजवून पाठीमागून काँक्रीटचा आधार द्यावा लागला, हे ज्या गावांनी पाहिलं तिथं झिरपलेलं पाणी हा थट्टेचा विषय नसतो.

"किती घातलंस?" त्यांनी विचारलं.

"घातलं पेलाभर."

"पेला म्हणजे किती? आणि कधीपासनं? अगं, गळती असतेच. धरणालाही असते. ती वाढली का आणि वाढली तर कशानं, एवढंच बघायचं असतं."

त्यांनी शंभर पानी वही आखून दिली. तारीख, किलोमीटर, घाट की सपाट, पाऊस की धुकं, किती मिलिलिटर भर. औषधाचं मापाचं टोपण गाडीत ठेवलं. पाणी रोज एकाच वेळी, सकाळी, इंजिन गार असताना बघायचं, कारण तापलेलं पाणी फुगतं आणि बाटलीतली पातळी खोटं बोलते.

याच दिवसांत कराड रस्त्यावरच्या एका गॅरेजात मी गाडी दाखवली. बॉनेट उघडून दोन मिनिटं पाहिलं आणि निकाल मिळाला: हेड गॅस्केट गेलंय, पाणी खातीय, हेड उतरवावं लागंल. जिथं बाहेर थेंब नाही तिथं पाणी आत जळतंय, हा तर्क चुकीचा नाही. इंजिनाचा ठोकळा आणि वरचं हेड यांच्यामध्ये ती गॅस्केटची चकती असते. ती फुटली तर पाणी सिलिंडरात शिरतं आणि सायलेन्सरमधून वाफ होऊन निघून जातं. पण तर्क आणि तपासणी यांत फरक आहे. एवढ्या जुन्या इंजिनाचं हेड संशयावरून उतरवायचं म्हणजे न दुखणारा दात उपटण्यासारखं. मी गाडी घेऊन परत आले.

मल्हारपेठच्या बाजूला एक म्हातारे मिस्त्री आहेत. पूर्वी वडापच्या जिपांची कामं करायचे. त्यांनी आधी वही मागितली. अप्पांचे रकाने बघून म्हणाले, "बाई, गाडी पाणी खातीय का पाणी जातंय? दोन्हीत फरक हाय. आधी ते ठरवू."

त्या दिवशी मी त्यांच्या शेजारी उभी राहून तिची तपासणी पाहिली. डिपस्टिक काढून ऑइल बोटावर घेतलं: काळं, स्वच्छ. पाणी मिसळलं असतं तर ताकासारखं पांढुरकं दिसलं असतं. तिन्ही प्लग काढून फळकुटावर ओळीनं मांडले. ज्या सिलिंडरात पाणी शिरतं तिथला प्लग वाफेनं धुतल्यासारखा लखलखीत होतो. तिन्ही सारखेच करडे होते. मग गार इंजिनावर रेडिएटरचं झाकण काढून गाडी चालू केली आणि तोंडातल्या पाण्याकडे दहा मिनिटं बघत राहिलो. गॅस्केट फुटलं असतं तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात घुसून सतत बुडबुडे आले असते. सुरुवातीला दोन-चार आले, मग पाणी निवांत फिरत राहिलं.

"गॅस्केट शाबूत हाय," ते म्हणाले. मला तेव्हा जे वाटलं ते दवाखान्याच्या बाकड्यावर बसलेल्या माणसालाच कळेल.

मग झाकणाकडे वळले. रेडिएटरचं झाकण नुसतं झाकण नसतं, हे मला तिथं समजलं. त्यावर 0.9 असा आकडा असतो. तेवढा दाब ते आत कोंडून धरतं, आणि त्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा 118 अंशांच्या आसपास जाईतो उकळत नाही. उघड्यावर दर तीनशे मीटर चढलं की पाणी साधारण एक अंश आधी उकळतं. हजार मीटर उंचीच्या सड्यावर पातेल्यातलं पाणी 97 अंशांनाच उकळेल. म्हणजे घाट चढणाऱ्या गाडीला झाकणाची गरज दुप्पट. तो दाब जिथं कोंडला जातो तिथली प्रत्येक नळी, प्रत्येक जोड चढावर आतून ताणला जातो. घरी उभ्या गाडीखाली फरशी कोरडी राहते ती म्हणूनच असेल, असं तेव्हा वाटलं. ती जे गाळते ते चढावर गाळते, तापलेल्या अवस्थेत, आणि गरम लोखंडावर पडलेला थेंब खाली पोचतच नाही.

आणि काट्यावर भरवसा ठेवू नका, त्यांनी बजावलं. काटा हलवणारा सेन्सर पाण्यात बुडलेला असेल तोवरच खरं सांगतो. पाणी त्याच्या खाली गेलं की तो उघडा पडतो आणि काटा चढायच्या ऐवजी खाली येतो. इंजिन भाजत असताना काटा गार दाखवतो. माझ्या अंगावर काटा आला. सहा वर्षं मी त्याच एका काट्याकडे बघून निर्धास्त होते.

शेवटी त्यांनी स्वतः बनवलेलं एक हत्यार काढलं. जुन्या झाकणाला ट्यूबचा वॉल्व्ह झाळलेला, त्याला हवेचं मीटर आणि सायकलचा पंप. ते रेडिएटरवर बसवून 0.9 पर्यंत हवा भरली आणि आम्ही चहाला बसलो. दाब भरलेला, इंजिन बंद आणि गार. आता जिथं फट असेल तिथून पाणी थंडच बाहेर येणार, वाफ होऊन लपणार नाही. वॉटर पंपाच्या खालचं भोक त्यांनी बोटानं चाचपलं: कोरडं. होज पाईपांच्या क्लिपा कोरड्या. इंजिनाच्या अंगाला बसवलेले वाटीसारखे प्लग आरसा धरून पाहिले: कोरडे. तासाभरानं मीटर 0.9 वरून 0.6 वर आलं होतं. आणि खाली पसरलेला वर्तमानपत्राचा कागद जसाच्या तसा.

"जातंय," मिस्त्री म्हणाले, "पण बाहेर न्हाई."

उत्तर वहीत होतं. संध्याकाळी अप्पांनी चष्मा पुसून रकाने वाचले. कराडच्या सपाट फेऱ्यांना भर नगण्य. घाटाच्या फेऱ्यांना कधी तीस मिलिलिटर, कधी शंभरावर. घाट तोच, किलोमीटर तेच. फरक फक्त चौथ्या रकान्यात. ज्या दिवशी धुकं, त्या दिवशी भर जास्त.

"धुक्यात तू काय करतेस?" अप्पांनी विचारलं.

धुक्यात मी काच पुसते. जुलैत सड्यावर ढग रस्त्यावर उतरलेले असतात, कड्यावरून पडणारं पाणी वाऱ्यानं उलटं वर फेकलं जातं, आणि समोरच्या काचेला आतून वाफ धरते. ती घालवायला मी हीटरची कांडी गरम बाजूला सरकवते.

हीटरची कॉईल म्हणजे डॅशबोर्डच्या आत, डाव्या माणसाच्या पायाच्या वर बसवलेला एक छोटा रेडिएटर. इंजिनाचं गरम पाणी त्यातून फिरतं आणि पंखा त्यावरून वारा फुंकतो. कांडी गरमकडे नेली की तापलेलं पाणी त्या जाळीत शिरतं, आणि तिची शिवण कुठं झिजली असेल तर तापून उघडते. मी वाफ घालवायला हीटर लावत होते आणि काच अधिकच धुरकट होत होती. गेले कित्येक दिवस ती फडक्यानं पुसल्यावरही तेलकट राहायची, समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे त्यावर फुलायचे. आत एक गोडसर वास यायचा, ओल्या गुळाच्या ढेपेसारखा. मी तो मुलांच्या डब्यांचा समजले. मुलं पावसात भिजलेली असली की मी त्यांना खाली सोडायचे, त्यामुळं डावीकडचा पायतळ ओला असण्यात मला कधीच काही नवल वाटलं नव्हतं. पाटणच्या जुलैत ओल्या कापडाला कोण विचारतं?

मी कंदील घेऊन शेडमध्ये गेले. डावीकडची रबरी चटई उचलली, खालचं कार्पेट कोपऱ्यातून सोललं आणि खालच्या फेल्टमध्ये दोन बोटं दाबली. पावसाचं पाणी बोटांवरून निथळतं. हे निथळलं नाही. अंगठ्यावर घासलं तर बुळबुळीत, सुटेना. पांढऱ्या रुमालाला पुसलं तर फिकट हिरवा डाग उमटला. दोन वर्षं घातलेला पेला न पेला तिनं पायाशी धरून ठेवला होता. बाहेर एक थेंब कुणाला दिसू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी डॅशबोर्ड सैल करून कॉईल काढली. वहीच्या आकाराची जाळी. एका कोपऱ्यात शिवणीवर हिरवट पांढरी खपली, तुरटीसारखी. एवढीच. जवळजवळ वीस वर्षं तापून-गार होऊन तिनं आपलं काम केलं होतं. कॉईल बाद करून दोन्ही पाईप एकमेकांना जोडून टाकायचे, हा स्वस्त उपाय बरेच लोक करतात. मिस्त्रींनी तोही सांगितला, पण स्वतःच मान हलवली: "खाली राहणाऱ्याला चालतंय. तुम्हाला वर धुक्यात काच दिसाय पायजे." नवी कॉईल, नवे पाईप, नवं झाकण. इंजिनात पाणी फिरवून धुतलं, तेव्हा पहिल्या बादलीला चहाचा रंग होता आणि चौथीला कुठं स्वच्छ आलं. मग कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं, आणि हीटरची कांडी उघडी ठेवून हवा निघेपर्यंत गाडी चालू. हीटर बंद ठेवून भरलं तर कोपऱ्यात हवा अडकते आणि तीच पुढं दुसरं दुखणं होऊन बसते.

वही चालूच आहे. पहिल्या आठवड्यात वीस मिलिलिटर, अडकलेली हवा निघाल्यामुळं. त्यानंतर भरीच्या रकान्यात अप्पा आडवी रेघ मारतात.

कार्पेट आणि फेल्ट काढून मी अंगणातल्या दगडावर धुतलं, तीनदा, साबण लावून. पाऊस थांबलेला दिवस होता. भिंतीवर वाळत घातलं तर शेजारचं मांजर, जे एरवी आमच्या बॉनेटवर ऊब घेत झोपतं, वास घेत आलं. ग्लायकॉल गोड असतं आणि मांजराच्या जिवाला चमचाभर पुरतं. अप्पांनी खुर्ची भिंतीपाशी आणून ठेवली, काठी मांडीवर आडवी घेतली, आणि ऊन कलेपर्यंत तिथंच बसून राहिले.